वन्सं, तुमची छाती वाजत नव्हती

वन्सं, तुम्ही गेल्यापासून या घरात माझ्याशी भांडायला कोणी उरलेलं नाही. तुमचे भाऊ भांडत नाहीत. ते ऐकून घेतात, मान हलवतात आणि मग त्यांना जे करायचं तेच करतात. आमटीत गूळ जास्त पडला तर नाक मुरडणारं कोणी नाही. शाळा सुटून मला यायला उशीर झाला तर "मास्तरीणबाईंना घर आठवलं वाटतं" म्हणणारं कोणी नाही. तुमचं ते बोलणं ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. आता तेच वाक्य मनात म्हणून बघते, पण तुमचा आवाज नीट लागत नाही. मग चुलीपुढे बसून रडते आणि धूर झाला म्हणून सांगते.

लोक येतात आणि म्हणतात, दम्यानं गेल्या बिचाऱ्या. मी मान हलवते. प्रत्येकाला काय सांगत बसायचं? पण तुम्ही दम्यानं गेला नाहीत. हे तुम्हाला ठाऊक होतं, आता मलाही कळलं आहे, आणि ते तुमच्यापाशी बोलल्याशिवाय मला राहवत नाही. आणखीही एक सांगायचं आहे. तुमच्या भावानं तुमच्या नावानं एक शब्द दिला आणि त्या शब्दापायी तुमच्या पाठोपाठ जायची वेळ आणली. त्याचं पुढे काय झालं ते तुम्हाला कळायला हवं.

लग्न होऊन मी मासवणहून पालघरात आले तेव्हा सोनाराच्या घरातली बाई कामाला बसते हे मी पहिल्यांदाच पाहिलं. बाहेरच्या खोलीत मामंजी गिऱ्हाइकाशी बोलत असायचे आणि आत पडद्याआड तुम्ही. वैतरणेपलीकडच्या सासरहून तुम्ही पांढऱ्या कपाळानं परत आलात, आणि लेकीचे हात रिकामे राहू नयेत म्हणून मामंजींनी तुम्हाला स्वतःच्या शेजारी बसवलं, एवढं मला आल्या आल्या शेजारणींनी सांगितलं होतं. पण तुम्ही त्यांच्याहून चांगलं काम करता हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं. ते मला माझ्या डोळ्यांनी दिसलं. जोडव्याचा सांधा होता. चांदी सांध्यात नीट वितळावी म्हणून तुम्ही त्यावर पांढऱ्या टाकणखाराची चिमूट ठेवलीत, पितळेची बाकदार फुंकणी ओठांत धरलीत आणि दिव्याच्या ज्योतीत हळूच फुंकायला लागलात. ज्योत आडवी झाली, बारीक झाली, निळी झाली आणि सांध्यावर जाऊन टेकली. तोंडानं फुंकणं चालू आणि नाकानं श्वास घेणं चालू, मध्ये खंड म्हणून नाही. चांदी वितळून सांध्यात गेली, तेव्हा तुम्ही फुंकणी बाजूला ठेवून माझ्याकडे बघितलंत. मी म्हटलं, मला द्या. मी फुंकर मारली आणि दिवाच विझला. "फळ्यावरची धूळ फुंकायला बरी हायस," तुम्ही म्हणालात. आपलं पहिलं भांडण तेच.

आणि ही फुंकणी चालवणारी बाई दमेकरी. तुम्ही दोघंही भावंडं दमेकरी, आईकडून आलेला दमा. हवा पालटली की दोघांच्या छात्या वाजायला लागायच्या. मी स्वयंपाकघरात असले तरी कोणाची छाती वाजते ते ओळखायची. तुमची बारीक शिट्टी असायची आणि ह्यांची घरघर. "दमा म्हणजे आत पेटी वाजते," असं तुम्हीच म्हणायचात, आणि दम लागलेला असतानाही भावाला विचारायचात, "आज कुठला राग लावलाय, दत्तू?" ह्यांना खोकता खोकता हसू यायचं आणि मग ते आणखीच धापा टाकायचे.

या घरात सगळं जोडीनं चालायचं. जोडवी, तोडे, वाळे, पैंजण, सगळा जोडाचा माल. एक नग एका पारड्यात, दुसरा दुसऱ्या पारड्यात. काटा जरासा कलला तरी मामंजी तो नग परत वितळवायला लावायचे. ह्यांच्या हातात लहानपणापासून तो तराजू आला, आणि तो हातातून कधी गेलाच नाही. आंबा चिरला तर दोन फोडी शेजारी धरून बघायचे. काढा केला तर तुमचा पेला आणि त्यांचा पेला जमिनीवर ठेवून, वाकून, दोन्हीकडची पातळी बघायचे. तुम्ही चेष्टा करायचात, पण तुम्हालाही ते आवडायचं. विधवा बहिणीला भावाच्या घरात अर्धं नाही, सारखं मिळतंय, हे काय थोडं होतं? मला मेलीला कधी कोणी असा आंबा मोजून दिला नाही.

मामंजी गेले. मग सोन्याचा कायदा आला, दुकान थंडावलं आणि हे बोईसरच्या पुढे तारापूरला अणुवीज केंद्राच्या बांधकामावर कोठीत कामाला लागले. सकाळच्या गाडीनं बोईसर, तिथून ट्रक. दिवसभर सिमेंटच्या गोण्या आणि ती धूळ. एकदा ट्रकमधून उतरवूनच घरी आणलं, ओठ काळेनिळे झालेले. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा त्या गोळ्या मिळाल्या. पांढऱ्या, बारीक. डॉक्टर त्यांना स्टिरॉइड म्हणत. तुम्ही आणि मी ओटीवर वाट बघत होतो, आणि हे स्टेशनवरून चालत आले. चालत! मध्ये कुठे न टेकता. तुम्ही त्यांच्या छातीला कान लावलात आणि म्हणालात, "सुमन, वाजत नाय गं." मग आपण दोघी रडलो होतो. आपण एकाच कारणासाठी, एकाच वेळी रडलो असं ते पहिल्यांदाच.

त्या वर्षीच्या भाऊबिजेला तुम्ही ओवाळलंत आणि ह्यांनी ताटात बाटली ठेवली. साडीची घडी नाही, खण नाही, गोळ्यांची बाटली. "ताई, माझ्यासारखीच. माझ्याएवढीच," म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मला वाटलं, आता हे काटा आणून दोन्ही बाटल्या तोलतील. दुसऱ्या दिवशी पालघरच्या आपल्या डॉक्टरांना विचारलं, तेही हो म्हणाले. तेव्हापासून दोन बाटल्या यायच्या, दोन्ही हेच आणायचे. तुम्ही दवाखान्याची पायरी क्वचितच चढलात. चढायची गरजच काय होती?

आणि गुण आला, वन्सं. खोटं कशाला बोलू? त्या उन्हाळ्यात आपण शिरगावच्या समुद्रावर गेलो होतो. वाळूतून तुम्ही माझ्यापुढे चालत होतात, पदर खोचून, वहाणा हातात घेऊन. ताडगोळे घेतले, तुम्ही एकामागून एक खाल्लेत आणि पाणी हनुवटीवरून गळत असताना म्हणालात, "दुसऱ्यांचे भाऊ लुगडं देतात. माझ्यानं श्वास दिला." त्या गोळीचे मी आजही उपकार मानते. तेवढे दिवस तिनं तुम्हाला दिले. माझ्या मनात त्या गोळीचा राग आहे आणि हेही आहे, आणि दोन्ही एकत्र कसं ठेवायचं ते मला कळत नाही.

मग तोंडं सुजली. दोघांचीही. वाटोळी, लालसर. स्टेशनवर कोणीतरी विचारलं, तुम्ही जुळी का? हे खूश झाले. पण मानेखाली तुम्ही जुळी नव्हतात. ह्यांचे दंड भरले, पाटावरून उठताना हे उडी मारल्यासारखे उठायचे. तुम्ही आधी भिंत धरायला लागलात, मग माझा खांदा. वेणी घालताना हात वर राहीनात, म्हणून मी घालायला लागले. तुमचा दंड माझ्या मुठीत मावायचा. आणि मग एक दिवस पडद्याआडून तुमचा आवाज आला, "सुमन, जरा ये गं." ज्योत आडवी होत होती, बारीक होत होती आणि मध्येच परत उभी राहत होती. सांध्यातली चांदी अर्धी वितळून गोठली होती. तुम्ही फुंकणीकडे बघत होतात. मी म्हटलं, दमा उठला असेल. तुम्ही माझा कान धरलात, खरोखरच धरलात, आणि स्वतःच्या पाठीला लावलात. "ऐक. वाजते का?"

वाजत नव्हती. शिट्टी नाही, घरघर नाही, काही नाही.

"दम्यात वाट बंद असते, मी जोर लावते. आता वाट मोकळी हाय, जोरच नाय. भाता फाटल्यावर लोहार काय करील?" तुम्ही म्हणालात. हे तुम्ही ह्यांना सांगितलंत. ह्यांनी आधी विचारलं, "गोळी वेळेवर घेतेस ना?" मग म्हणाले, "मना तर काय झालं नाय. तीच गोळी हाय, तेवढीच हाय. थोडी वाढवून बघूया." प्रेमानंच म्हणाले. तुमच्यासाठी ते तारापूरच्या त्या उन्हात आणखी एक पाळी करायला तयार होते. पण त्यांच्या तराजूत एका बाजूला ते स्वतः बसले होते आणि दुसऱ्या बाजूला तुम्ही, आणि काटा कलला तर चूक मालाचीच असणार, असं त्यांच्या हाडात भिनलेलं होतं.

शेवटी मीच तुम्हाला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नळी लावून पुढून, मागून ऐकलं आणि आनंदानं म्हणाले, "छाती स्वच्छ आहे."

"स्वच्छ हाय म्हणूनच आले," तुम्ही म्हणालात. "दमा असता तर घरी बसले असते."

"अशक्तपणा आहे. या वयात बायकांना असं होतं. टॉनिक देतो."

"भावाला नाय झाला अशक्तपणा."

"तो पुरुष आहे, बाई."

परतताना टांग्यात तुम्ही बोललात ते मला शब्द न् शब्द आठवतं. "गोळी देताना मी दत्तूसारखी. तेवढीच घे, त्याला मानवली ती तुला मानवेल. आणि दुखणं सांगितलं की मी बाई. बायकांना होतं म्हणे! मग बाईला होतं हे ठाऊक हाय तर बाईच्या मापानं द्या ना." टांगेवाला मागे वळून बघायला लागला. मी म्हटलं, हळू बोला, वन्सं. तुम्ही म्हणालात, "जोरात बोलायला दम कुठे हाय?" आणि आपण दोघी हसत सुटलो. तुम्हाला हसायलाही पुरेना. तुम्ही हसणं मध्येच सोडून दिलंत आणि टांग्याची दांडी धरून बसलात.

आपला वाद मात्र राहिलाच. माझं म्हणणं होतं, ते धुराचं काम सोडा, जोर आपोआप येईल. तुमचं म्हणणं होतं, काम सोडलं तर जोर गेलेला कळणार कसा? मी म्हणायची, बाईची छाती आणि पुरुषाची छाती आतून सारखीच असणार, तुम्ही उगाच काहीतरी काढता. तुम्ही म्हणायचात, "तू आत जाऊन आलीस काय?" कोण बरोबर ते ठरायचं होतं. ठरवायला तुम्ही थांबायला हवं होतं.

तुम्ही सोनाराची लेक. धातूवर शंका आली तर तापवून बघायचा, कसोटीवर घासून बघायचा, दुसऱ्याच्या शब्दावर विसंबायचं नाही. गोळीवर शंका आली, तेव्हाही तुम्ही तेच केलंत. घेणं थांबवून बघितलंत. कोणाला सांगितलं नाहीत, कारण सांगितलं असतंत तर परत तेच ऐकावं लागलं असतं. मला तरी सांगायचं होतं! मी भांडले असते, आकाशपाताळ एक केलं असतं, पण भांडता भांडता कोणाच्या तरी कानावर गेलं असतं. याचा मला तुमच्यावर राग आहे. तुम्ही गेलात म्हणून तो राग जाईल असं समजू नका.

शेवटच्या दिवसांत तुमचं जेवण सुटलं. मळमळायचं, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी. आम्हाला वाटलं, बाजारातले बोंबील बाधले. आदल्या सकाळी तुम्ही फुंकणी हातात घेऊन बसला होतात. मला म्हणालात, "आज ज्योत जरा आडवी राहिली बघ, सुमन." मी आत पीठ मळत होते, मी पाहिली नाही. राहिली होती का, वन्सं? की माझ्यासाठी म्हणालात? दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेईपर्यंत तुमचे हात गार पडले. छाती तेव्हाही वाजत नव्हती. मी कान लावला होता.

सुतकातच लाडकी आली, डोंगरपाड्यावरची. दरवर्षी कामाला बाहेर पडायच्या आधी तिचा चांदीचा तोडा तुमच्याकडे सांधायला यायचा. ओट्याखाली उभी राहून म्हणाली, "बाय कुठं हाय? माझा तोडा दिलेला जोडाया." मी सांगितलं. ती तिथेच खाली बसली. मग म्हणाली, "मंग तुटका तसाच द्या. दुसऱ्याचे हातचा नको." हे पडद्याआड तोडा शोधायला गेले. कितीतरी दिवसांनी तुमच्या जागेवर बसले आणि एकेक डबी उघडून बघायला लागले. टाकणखाराच्या डबीत, पांढऱ्या भुकटीखाली, त्यांना गोळ्या सापडल्या.

"घेत नव्हती गं! बघ, घेतच नव्हती! म्हणून गेली!" ते ओरडले. वन्सं, त्यांना असं ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं. डबी भिंतीवर मारली. लाडकी घाबरून उठली. मग तेच खाली बसले, जमिनीवर सांडलेली एकेक गोळी उचलून लेंग्याला पुसायला लागले, आणि मला विचारलं, "मना का नाय सांगितलं तिनं?"

"सांगितलं होतं," मी म्हटलं. "वर्षभर सांगत होत्या."

ते गोळ्या पुसतच राहिले. लाडकीचा तोडा मीच शोधून दिला. तिनं तो कमरेच्या पदरात बांधला आणि गेली.

दहाव्याला आम्ही मासवणला सूर्या नदीच्या काठी गेलो. पिंड ठेवला. कावळे चिंचेवर बसून होते, खाली उतरेनात. ऊन चढलं. भटजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल तर बोला. कोणी म्हणालं, आमच्या मुलांना तुझी आठवण सांगू. कोणी म्हणालं, तुझी भांडी देवळात देऊ. कावळे हलेनात. तेव्हा हे गुडघाभर पाण्यात उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, "ताई, तुझं ऐकलं नाय. आता ऐकतो. तू सोडलीस ना, आजपासून मी पण गोळी सोडली." आणि कावळा उतरला. लागलीच उतरला. सगळ्यांनी सुस्कारा सोडला, बायका रडल्या, मीही रडले. मेल्या त्या कावळ्याला तेव्हाच भूक लागायची होती!

घरी आल्यावर ह्यांनी बाटली कपाटात ठेवून दिली. मला वाटलं, सुतक फिटलं की घेतील. घेतली नाही. दम्याची घरघर आधी आली. आणि मग एका दुपारी मी पान वाढलं, तर त्यांनी पान बाजूला सारलं. मळमळतं म्हणाले. उठायला गेले आणि दाराची चौकट धरून उभे राहिले, डोळे मिटून. वन्सं, अगदी तुम्ही धरली होतीत तशीच. बोंबील बाजारात आलेलेच नव्हते. मी तशीच, पायांत वहाणा न घालता, डॉक्टरांकडे धावले.

मी वचनाचं सांगितलं, कावळ्याचं सांगितलं, तुमच्या डबीचं सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग समजावून सांगितलं. आपलं शरीर स्वतःच हे औषध थोडं थोडं बनवत असतं. बाहेरून आयतं मिळायला लागलं की ते बनवणं विसरतं. म्हणून गोळी एकदम थांबवायची नसते, हळूहळू कमी करत न्यायची असते. एकदम थांबवली तर शरीर रिकामं पडतं. मळमळ, अंधारी, आणि मग माणूस हातचं जातं.

"वन्संना हे कोणी सांगितलं होतं?" मी विचारलं.

"दत्ताला सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी. औषध न्यायला तोच यायचा ना."

ह्यांना ते आठवतसुद्धा नव्हतं. जी गोळी सोडायची कल्पना स्वप्नातही नव्हती, ती कशी सोडायची हे कोण लक्षात ठेवतं? आणि जिला सोडायची होती तिच्यापर्यंत ते आलंच नाही.

निघता निघता मी तुमचा प्रश्न विचारला. तुमच्या वतीनं विचारला, टांग्यातला. गोळीनंच तिच्या श्वासातला जोर गेला का? आणि ह्यांचा का नाही गेला? डॉक्टर म्हणाले, "या गोळीनं काही जणांच्या दंडा-मांड्यांचे स्नायू झिजतात, एवढं आम्हाला ठाऊक आहे. श्वास ओढतात तेही स्नायूच, बाई. तेही झिजत असतील. बाईचे जास्त झिजतात की पुरुषाचे, की नुसता माणसामाणसातला फरक, मला माहीत नाही. मी जे वाचलं त्यात रोगी असतो. तो बाई आहे की पुरुष, हे कोणी वेगळं काढून बघितल्याचं माझ्या वाचनात नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमच्या नणंदेनं हेच विचारलं होतं. मी टॉनिक दिलं." त्यांचा मला राग येईना. "मला माहीत नाही," एवढंच तर म्हणाले. एवढंच ते तुम्हाला म्हणाले असते, तर तुम्ही त्यांचं पुढचं सगळं ऐकलं असतं. तुमचा स्वभाव मला माहीत आहे.

मी घरी आले. गोळी आणि पाण्याचा पेला ह्यांच्यापुढे ठेवला. हे भिंतीला टेकून बसले होते, चेहरा राखेसारखा झाला होता.

"नाय," म्हणाले. "कावळा शिवला, सुमन. ताईनं मान्य केलंय."

"डॉक्टर म्हणतात, जीव जाईल."

"ताईचा गेलाच ना."

मी हात जोडले. पाया पडले. रागावले. काही चालेना. आणि मग, वन्सं, माझ्या तोंडून तुम्ही बोललात. दुसरं काय म्हणू?

"त्या तुमाला काय सांगत होत्या?" मी म्हटलं. "एकच सांगत होत्या. दत्तू, तुझी छाती वेगळी, माझी वेगळी. तुला मानवलं ते मना मानवत नाय. तुमी नाय ऐकलंत. दोघांना एका काट्यावर चढवलंत. आणि आज त्यांनी सोडली म्हणून तुमी सोडताय? म्हणजे परत तेच ना? परत दोघं सारखीच. त्या मेल्या तरी तुमचा त्यांच्या बोलण्यावर विश्वास नाय. कावळ्यावर हाय, बहिणीवर नाय."

डॉक्टरांच्या दृष्टीनं हे बरोबर नव्हतं, वन्सं. गोळी एकदम सोडली की बाई काय आणि पुरुष काय, दोघांची गत सारखीच. ते मला कळत होतं. पण तेव्हा मला बरोबर बोलायचं नव्हतं, ह्यांना वाचवायचं होतं.

हे माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हात पुढे केला, उघडा. मी गोळी ठेवली. ती त्यांनी लगेच तोंडात घातली नाही. आधी मोठ्यानं, शेजारच्या घरात ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, दम लागत असताना म्हणाले, "ताई, तुझं खरं होतं. तुझी छाती माझ्यासारखी नव्हती. मी मानलं नाय." आणि गोळी गिळली. मी पेला धरला होता, तरी अर्धं पाणी अंगावर सांडलं.

आता त्यांना बरं आहे. डॉक्टरांनी गोळी वाढवली आहे आणि पुढे हळूहळू कमी करायची म्हणून सांगितलंय, माझ्यासमोर, दोनदा सांगितलंय. काल संध्याकाळी त्यांनी आपण होऊन भाकरी मागितली. मी वाढली, त्यांनी खाल्ली, आणखी अर्धी मागितली. मी मागच्या अंगणात गेले आणि पदर तोंडात कोंबून रडले. तुमचा भाऊ वाचला म्हणून रडले, हे खरंच. पण जे बोलून मी त्यांना वाचवलं, त्यातला एक शब्दही माझा नव्हता. ते सगळं तुम्ही बोलून ठेवलेलं होतं. तुम्ही बोलत होतात तेव्हा तुम्ही जिवंत होतात, आणि आम्ही सगळे तिथेच बसलेलो होतो.